तोंडातला विस्तू

मांगून कोनी "थांब" म्हनलं का आजही माहं तोंड पहिले गच्च मिटते, पाय मंग थांबतात. नातसुना हासतात. "बुढे, तुले थांब म्हनलं, मुकी हो नाई म्हनलं," अशा म्हनतात. काहून मिटते, ते त्याईले कधी सांगितलं नाई. पन आता दात गेले. तोंड मिटलं काय अन् उघडं ठेवलं काय, सारखंच. म्हनून सांगतो.

ते कापसाचे दिवस होते. समुद्रापल्याड कुठसाक लढाई लागली होती म्हने, अन् तवापासून आमच्या काया मातीतल्या कापसाले असा भाव चढला का लोकाईनं जवारी पेरनंच सोडून देल्लं. लढाई सरली, तरी कापसाच्या बंड्या थांबल्या नाई. अमरावतीच्या बजारात बैलबंड्याईची अशी गर्दी राहे का मानूस या बंडीवरून त्या बंडीवर पाय देत बजार ओलांडून जाय, भुईले पाय न लावता. घरात कापूस, केसात कापूस, निजलेल्या लेकराच्या नाकात कापूस. भाकर मात्र महाग झाली. तिकडे कोनाचं ध्यान नव्हतं.

आमचा बुढा दुसऱ्याचा कापूस वाहे. बुढा म्हनतो मी, पन तवा काई तो बुढा नव्हता, मिसरूड फुटेल पोरगाच होता. जन्मभर त्याचं नाव घेतलं नाई, आता मेल्यावर कायले घेऊ. आमच्या घरी एक बंडी अन् दोन बैल. त्यातला ढवया मांगच्या पायानं जरासा लंगडे.

आगगाडी तवा अकोल्यापावतर आली होती. अमरावतीच्या अंगाले भराव टाकनं चालू होतं, पन रूळ काई आले नव्हते. म्हनून अमरावतीचा कापूस बंड्याईनंच अकोल्याले जाय, अन् तठून आगगाडीनं पुढं. माहं माहेर अकोल्याच्या अंगाले. पौष लागला होता, संक्रांत आली होती. सासू म्हने, "जाऊ दे तिले. गठ्ठ्याईवर बसन. तिचं वजन ते काय, दोन कोंबड्याचं." अशी मी त्या तांड्यात गेली. साऱ्या गाडीवानाईत मी एकटीच बाई. सोळा-सतराची असन.

तांड्याचा एक मुकादम होता. आडदांड मानूस, हातात काठी. अमरावती सोडाच्या पहिले त्यानं समद्या गाडीवानाईच्या कमरेच्या चकमकी काढून घेतल्या अन् एका थैलीत भरल्या. विस्तू पाडाचा तं त्यानं पाडाव, दिवसातून एकदा, बंड्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाले. तठीच भाकरी भाजाच्या अन् तठीच चिलीम ओढाची. बंडीजवय कोनी चिलीम काढली तं काठी.

एक गाडीवान म्हने, "मुकादम, बायको घरी ठेवून आलो, आता चिलीमही घेतली. मंग मानसानं जगाव कायच्यासाठी?"

मुकादम म्हने, "कापूस पोचव. मंग जग."

सारे हासले. मीही पदराआड हासली. पन मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडीले एक जागा आली, तठी माहं हासू गेलं. दोन-तीन बंड्या मावतीन इतली जमीन कायीकुट्ट. चाकाच्या लोखंडी धावा पडेल, वाकड्या झालेल्या, सापानं वेटोळं टाकल्यावानी. बैलाच्या दाव्याची कडी तशीच खुट्याले. कोनाचा तरी तांडा जयला होता. कापूस पेटते तवा आवाज नाई होत म्हने. नुसती फुंक मारल्यावानी होते, अन् मंग सारं उजेडच उजेड. बैल सोडाले घडी भेटत नाई.

बुढा म्हने, "तिकडे पाहू नोको."

मी पाहलं. तवापासून माह्या बुडाखालचे गठ्ठे मले मऊ नाई लागले.

बोरगाव मांगं पडलं अन् अकोला जवय आलं, तं तांडा अडकला. अकोल्यात कापूस ठेवाले जागाच नाई, म्हनून बंड्या रस्त्यावरच उभ्या. आमी थांबलो ते जागा लय वाईट. एका अंगाले भरावासाठी खोदेल खड्डे, पान्यानं भरलेले. दुसऱ्या अंगाले नाल्याची दरड, दाट बाभयीची. मधात चिंचोया रस्ता, त्याच्यात बंडीले बंडी लागेल. रांगेच्या तोंडाले मोकयी जागा, तठी सैपाक. तठीच भराव टाकनाऱ्या मजुराईच्या झोपड्या. आमची बंडी ढवयाच्या पायामुयं सर्वात मांगं, शेपटाले. वारा मांगून पुढं वाहे. म्हंजे आमच्याकडून साऱ्या बंड्याईकडे.

मजुराईत तेलंगी लोक लय होते. त्यातली एक बुढी पहिल्याच दिवशी झोपड्याईजवयच्या झऱ्यावर दिसली. वायलेल्या मिरचीवानी अंग, कमरेले कासोटा, डोक्यावर मातीच्या टोपल्यानं पडलेलं टक्कल. तिनं घागर भरली, मंग माह्याकडे पाहलं, अन् तिच्या नाकातून धूर आला. हातात काई नाई. ओठात बोटाच्या पेरभर काडी, पन तिच्या टोकाले विस्तू नाई. नुसता धूर, दोन्ही नाकपुड्याईतून. मी घागर तठीच टाकून पयाली.

बुढ्याले सांगितलं, चेटकीन हाय, तिच्या पोटात आगीचा जाय पेटेल हाय. बुढा म्हने, "चेटकीन नाई. अकोल्याची आगगाडी गियली असन तिनं." मंग त्यानंच सांगितलं का ते चुट्टा ओढतात. तंबाखूच्या पानाचा, साहेब ओढते तसाच. भरावावरचा गोरा साहेब ओढे तं लोकं त्याले चिरूट म्हनत, तेलंगीन ओढे तं चुट्टा. आता नातू सिगार म्हनतात. पान तेच. पन या बाया पेटेल टोक तोंडात ठेवतात अन् कोरडं टोक बाहेर. टोपलं वाहताना दोन्ही हात मोकये राहतात, वाऱ्यानं विझत नाई, ठिनगी उडत नाई. बंड्याईजवून गेल्या तरी मुकादम त्याईले काई म्हने नाई, काहून का त्याले विस्तू दिसेच नाई.

मले मात्र तिची भेवच वाटे. मी तिकडे पान्याले जानं सोडलं, खड्ड्यातलंच पानी आनलं. बुढाही तेच प्याला.

दुसऱ्या सकायी बुढ्याले उलट्या लागल्या. मंग ढाय, पान्यावानी. सूर्य हातभर वर आला तवा त्याचे डोये आत गेले होते, गाल बसले होते. सांजच्या मानसाचा सकायी कोनी दुसराच मानूस. जवयच्या बंडीवाला बैल पाजाले आला, त्यानं पाहलं, अन् दोन पावलं मांगं सरला. "पटकी," इतलंच म्हने. तो शबद रांगेतून असा पुढं गेला जसा वारा.

त्याईनं बुढ्याले बंडीखालून काढलं. हात लावला नाई, घोंगडीचे कोपरे धरून ओढत नेलं, बंड्यापासून मांगं, नाल्याच्या उतारात, दरडीच्या आड. एक जन म्हने, "रागावू नोको बाई. आमालेही लेकरं हायेत." त्यानं पान्याचं मडकं लांबूनच ठेवलं. मी रागावली नाई. त्याच्या जागी आमीही तेच केलं असतं.

तठी मी अन् तो. पौषाची थंडी, खाली गार रेती. माह्या मायनं पटकीतली मानसं पाहेल होती. ते सांगे, हात गार झाले तं घाबरू नोको, पाय गार झाले तं घाबर. पायाचे तयवे शेकत राहाव, शेक सुटला का मानूस सुटला. मी त्याच्या तयव्याले हात लावला. बोटं गार होती. टाच अजून ऊन होती. मी पदरात धरून घासले, माह्या पोटाले लावले, मांडीखाली घेतले. माहंच अंग गार, मी त्याले काय ऊब देऊ.

विस्तू पायजे होता. दरडीखाली वायलेल्या काड्या होत्या, पऱ्हाट्या होत्या, सारं होतं. विस्तू तेवढा नव्हता.

मी पयत रांगेच्या तोंडाशी गेली. मुकादम तठी उभा होता. मी कधी परपुरुषाशी बोलेल नव्हती. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला अन् म्हनलं, "मुकादम, विस्तू द्या. मानसाचे पाय गार होऊन रायले."

"विस्तू अठी हाय," तो म्हने. "त्याले अठी आन."

पाठीमांगं गाडीवान उभे होते. एकदम गलका झाला. पटकीचा मानूस रांगेतून आनाचा नाई. आनला तं आमी बंड्या टाकून जाऊ.

मी म्हनलं, "मंग मले न्याले द्या. मडक्यात नेतो. वरून झाकून नेतो."

"या बंड्याईमधून?" मुकादमानं काठीनं रांग दाखवली. "वारा पाहला काय? एक ठिनगी, बाई. एकच. मूर्तिजापूरच्या अलीकडची जागा पाहली असन तू."

"पाहली."

"मंग?"

मी म्हनलं, "चकमक द्या. तठी पाडतो. दरडीच्या आड हाय, खोल जागा हाय."

"वाऱ्याच्या तोंडी विस्तू नाई पाडू देत मी कोनाले. माहा बाप असता तरी." मंग जरा हयू म्हने, "तुह्या एका मानसापायी इतली मानसं जायू काय?"

  मानूस इकडे येऊ शकत नाई, विस्तू तिकडे जाऊ शकत नाई. त्या दोहीच्या मधात मी उभी, अन् तिकडे टाचा गार होऊन रायल्या.

तवा तेलंगीन दिसली. झोपडीसमोर बसेल होती, तोंडातून काडी बाहेर, नाकातून धूर. तिनं सारं आयकलं होतं. तिले आमची बोली तुटक-तुटक ये. मले बोटानं बोलावलं. आदल्या दिवशी मी जिले पाहून पयाली होती तिच्याकडे गेली. भेव गेली होती असं नाई. भेव होतीच. पन मोठ्या भेवापुढं लहान भेव बसून जाते, मोठ्या जावेपुढं धाकली बसते तशी.

तिनं कमरेच्या पिसवीतून नवा चुट्टा काढला, लहान, बोटाएवढा. पेटवला. पेटेल टोक सोताच्या तोंडात घातलं, दोन-तीन दम ओढले, काढला, अन् माह्यापुढं धरला. तिच्या थुक्यानं तो ओला होता.

कोन जात असन तिची, मले ठाऊक नव्हतं. आमच्यात दुसऱ्याच्या हातचं पानी प्यालं तरी पंगतीतून उठवत. तोंडातला उष्टा विस्तू घेतला तं काय करतीन, याचा दाखलाच कोनाजवय नसन. मी इतलंच मनात म्हनलं, जात मांगून पाहू.

"आ कर," ते म्हने. मी आ केला. तिनं विस्तू माह्या तोंडात घातला.

मले वाटलं डोक्यातच जाय पेटला. मी वरडाले गेली, तं तिनं हाताच्या पंज्यानं माहे ओठ दाबले. "नक्को. मूं बंद. जीभ नीचे." एका हातानं माही हनुवटी धरून ते शिकवे, लेकराले औषध पाजतात तसं. जीभ खाली चिकटवून ठेव. ओठानं धर, दातानं चावू नोको. तोंडात थुका राहू दे, थुका सरला का भाजन. बाहेरून वारा आत ओढ, धूर नाकानं सोड. ओढनं थांबलं तं विझन. लय ओढलं तं जीभ जयन. "बात नक्को," ते म्हने. "एक बात, आग गिरी."

बोलाचं नाई. एकदा तोंड उघडलं का विस्तू खाली, अन् खाली कापूस.

पहिला धूर गयात गेला तवा डोये फुटतात का काय असं झालं.  उलटी आली ते मी गिटली. तिनं माहा पदर पुढं ओढला, ओठातली काडी झाकली, अन् पदराचं टोक माह्याच हातानं तोंडावर धराले लावलं. मंग पाठीवर थाप मारली. चाल.

मी चालली.

दोन्ही अंगाले बंड्या, मधात हातभर वाट. गठ्ठ्याईचे तरट फाटेल, त्याच्यातून कापूस बाहेर लोंबे, माह्या खांद्याले लागे, पदराले चिकटे. त्या पदराआड विस्तू. मी लहानपनापासून कापूस वेचला, कापसात निजली, पन त्या दिवशी एकेक बोंड मले तोंड वासून बसेल दिसे. बैल फुरफुरला तं मी दचको. गाडीवान मले पाहून अंग चोरत, पटकीच्या घरची म्हनून. तेच बरं होतं. कोनी जवय येत नव्हतं.

आत ओढ, नाकानं सोड. जीभ खाली. राख तोंडात पडे, ते थुक्यासंगं गिटो. पयाचं नाई, पयली तं दम लागन, दम लागला तं तोंड उघडन. इकडे मले घाई झालेली अन् मी नवरीवानी हयू हयू चालून रायली.

अर्ध्या वाटेत पाठीमांगून आवाज आला. "थांब."

मुकादम. रांग पाहात माह्या मांगून येत होता, मले ठाऊकच नाई. तो वळसा घालून समोर आला, काठी आडवी धरली.

"विस्तू-गिस्तू नेऊन रायली काय?"

मी नाई म्हनून मान हालवली. एक हात उघडा करून दाखवला.

"ओटी झाड."

एका हातानं पदर तोंडावर धरून मी दुसऱ्या हातानं ओटी झाडली. काई पडलं नाई. तो वाकून माह्या पायाजवय पाहे. मी ओढनं थांबवलं होतं. धूर आत कोंडला. जिभीचं टोक चर्र झालं, मले समजलं, पन हालवता ये ना. तोंडातला थुका सरून रायला होता. डोयाईतून पानी वाहे.

"कसा हाय तो?" मुकादमानं विचारलं.

मी काय बोलतो.

"अव बोल ना. कसा हाय तुहा मानूस?"

धूर थोपवता थोपवता माह्या नाकातून एक आवाज निंघाला, हुंदक्यावानी. खांदे हालले. पदर तोंडावर, डोये वाहतात, बाई मुकी. त्यानं माह्याकडे पाहलं, अन् त्याच्या हातची काठी खाली आली.

"असं काय," तो म्हने. मंग मांगं सरला. "जाय बाई. जाय. देवाची मर्जी." अन् पुढच्या गाडीवानाईले वरडला, "वाट द्या तिले."

मी समजली. त्याले वाटलं बुढा मेला.

मांगं एक गाडीवान विचारे, "मुकादम, जायाव तं लागन ना त्याले?"

मुकादम म्हने, "नाल्यात पुरू. मेला म्हनून काय विस्तू देऊ?"

मले वाट मोकयी झाली, पन पायात बेडी पडल्यावानी झालं. इतक्या मानसाईनं माह्या नवऱ्याले मेला म्हनून मानलं, अन् मी मान हालवून नाई म्हनली नाई. तोंडातून निंघालेला शबद खरा होते असं आमच्यात म्हनतात. माह्या तोंडातून तं निंघालाही नव्हता. मी हातातल्या बांगड्याईकडे पाहलं अन् पुढं चालली. जिभीचं दुखनं तवा जानवलंच नाई. एकच भेव होती, मी विस्तू घेऊन जाईन अन् तठी पाय गार असतीन.

उतारात पोचली. बुढा तसाच पडेल. मी पहिले तयव्याले हात लावला. टाच गार होती. घोट्याच्या वर अजून ऊब होती, मंद, बैलाच्या शिंगाच्या बुडाले राहते तशी.

चुट्टा तोंडातून काढला तं कायाकुट्ट. विझला. मी तठीच बसली. रडली नाई, रडाले काई रायलंच नव्हतं. मंग आठवलं, तेलंगनीनंही काढला तवा तो असाच काया दिसे, थुक्यानं ओला, राख चिकटेल. मी राख बोटानं पुसली, आतापावतर तोंडात होतं ते टोक बाहेर केलं, साहेब ओढते तसा सरका ओठात धरला अन् ओढला. साऱ्या जिवानिशी ओढला. तोच माहा पहिला खरा झुरका. टोकाच्या आत कुठं तरी लाल झालं, मुंगीच्या डोयाएवढं.

आता त्याले खाले काय द्याव. बंड्या जातात तवा बाभयीचे काटे गठ्ठ्यातला कापूस ओढून घेतात; त्या दरडीच्या बाभयी पांढऱ्या झाल्या होत्या. तो कापूस कोनाचाच नाई. मी काट्याईतून ओरबाडला, हात फाटले, मुठभर जमा केला, त्याच्यात ते लाल टोक खुपसलं अन् फुंकलं. ज्या कापसाची सकायपासून मले भेव होती तोच कापूस आता पेटे ना. धुपे अन् विझे. मी ओढो अन् फुंको. डोकं गरगरे. मंग एकदम, आवाज न करता, उजेड झाला.

पऱ्हाट्या लावल्या. लहानच जाय केला, दोन हातात झाकन इतला, चारी अंगाले दगड. नाल्यातले गोटे तापवले, चिंधीत गुंडायले, तयव्याले लावले. गार झाले का दुसरे. मडक्यातलं पानी ऊन केलं, शिदोरीतलं मीठ टाकलं, बोटानं त्याच्या ओठात सोडलं. अन् मधामधात दरडीवर चढून पाहो, एखादी ठिनगी वर तं नाई गेली. मुकादमाची भेव अन् माही भेव एकच होती. तो तिकडून पाहे, मी इकडून.

दिवस कलला तवा टाच ऊन झाली. मंग बोटं.

सकायी मुकादम आला. संगं दोन गाडीवान, खांद्यावर कुदया. उतारात आले अन् जागच्या जागी उभे रायले. बुढा घोंगडी पांघरून दरडीले टेकून बसेल होता.

एक कुदयवाला तं मांगंच पयाला.

मुकादम म्हने, "अबे, तू मेला होता ना?"

बुढ्याच्या आवाजात जीव नव्हता, पन बोलला. "कोन म्हने?"

"तुही बायको."

"ते तं कालपासून बोलूनच नाई रायली."

खरंच. माही जीभ सुजून टाळूले लागली होती, ओठावर फोड. मुकादमानं माह्याकडे पाहलं. लय घडी पाहलं. मंग दगडातल्या राखेकडे. मंग राखेजवय पडेल चुट्ट्याच्या थोटकाकडे. मले वाटलं आता काठी. त्यानं जोड्यानं राखेवर माती ओढली, चांगली दाबली, थोटकावरही दाबली.

"राख उघडी ठेवू नोको," तो म्हने. "वारा हाय."

अन् कुदयी घेऊन गेला.

त्याच दुपारी रांग सरकली. बुढ्याले बंडीवर घातलं, मी बैल हाकले. झोपड्याईजवून गेलो तवा तेलंगीन भरावावर होती, डोक्यावर टोपलं. मी हात जोडले. तिनं दुरून नाकातून धूर सोडला. माह्या मनानं तो जबाब होता. पुन्हा कधी दिसली नाई.

माहेरी संक्रांतीचा लाडू तोंडात ठेवला, तं गोड का कडू काई समजलं नाई. माय म्हने, "घे, अन् गोड बोल." मी कायची बोलतो. बोलाले लागली तवा बुढ्याले पहिले सारं सांगितलं. तोंडातला विस्तू, मुकादम, सारं.  त्यानं विचारलं, "चुट्टा कोनाचा होता?"

"तेलंगनीचा. तिच्या तोंडातला."

माहा जीव घाबरला. आता पंचाईत बसन, माहेरीच राहाव लागन. बुढ्यानं डोकं खाजवलं अन् म्हने, "मंग मले कायले सांगते? मी तवा शुद्धीवर नव्हतो." अन् तो विषय तठीच पुरला. फक्त कोनी बायकोची कटकट सांगितली का तो म्हने, "माही बी बोलते. पन एकदा चार रोज गप होती. लय महाग पडलं मले."

चुट्टा मी मंगही ओढला. कधीमधी. सरका, विस्तू बाहेर ठेवून. आवडते म्हनून नाई. घरात कोनी बिमार पडलं, कोनाची वाट पाहाची असली, का हात आपोआप तंबाखूच्या पानाकडे जाय. जिभीच्या टोकाले आजही चव नाई. मीठ कमी का जास्त हे मले सुना सांगतात.

बुढा गेला तो म्हातारा होऊन, सोताच्या घरी, सोताच्या खाटेवर. त्या दिवशी घरात विस्तवाची काय कमी. चूल पेटेल, खाटेखाली शेगडी, पोरं गोवऱ्या आनून देत, सुना विटा तापवून देत. कोनी कोनाले ना म्हनत नव्हतं. मी पायथ्याशी बसून शेकत होती. पोरगी म्हने, "माय, आता राहू दे." मी म्हनलं, विटा आन.

ते आनत गेली, मी लावत गेली. वीट ऊन राहे. मी वीट काढून तयव्याले हात लावो, तं पाय गार. मंग घोट्याच्या वर हात लावला, तठीही गार होतं. पोरगी विचारे, "कसे हायेत बाबा?"

माह्या तोंडात काई नव्हतं. पन तोंड उघडलं नाई.